संकासुराची टोपी आणि निळा रुमाल

माझी नात मुंबईला कॉलेजात शिकते. सुट्टीत वाडीवर आली की तिच्या पिशवीत जाडजूड कादंबऱ्या असतात. त्यांत एक जबरदस्त माणूस असतो. एरवी साधा, कुणीही हसावं असा. काम पडलं की तोंड झाकून, अंगात वेगळीच ताकद येऊन दुष्टावर तुटून पडणारा. ह्याला ती सुपरहिरो म्हणते. त्याच्या समोर तसाच जबरदस्त एक दुष्ट असतो. अशा पुस्तकांत ठरून गेलेल्या गोष्टी कोणत्या, ह्यावर तिला काही लिहून द्यायचं होतं. तिनं मला त्या सांगितल्या. हिरोला दोन जगणी असतात. तोंडावर कापड आलं की घरचं माणूसही त्याला ओळखत नाही. दुष्ट हा मारायच्या आधी बोलत बसतो. तो हरतो, पण मरत नाही.

मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. ती हसली. तिला वाटलं म्हातारा बढाई मारतो. बढाई मी मारतो, नाही असं नाही, पण ही बढाई नव्हती. मी स्वतः एक दुपारभर असा हिरो झालेला माणूस आहे, आणि माझ्या समोर जो दुष्ट उभा होता तो माझा बाप होता. हे मी तिला तोंडी सांगायला बसलो, पण ती मध्येच प्रश्न विचारते आणि माझा धागा तुटतो. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. वेलांट्या चुकल्या असतील तर छापणाऱ्यानं सुधाराव्यात, शब्द मात्र बदलू नयेत.

आमची वाडी वरंधच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी. त्या काळात घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत असायचा. माझा आतेभाऊ तसाच गेलेला, माझ्याहून थोडा मोठा. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बोटीनं बाणकोटला, तिथून खाडीतून मचव्यानं महाडला आणि पुढं पायी. एका गणपतीला त्याच्या ट्रंकेतून साबण आणि चहाच्या पुडीखाली पुस्तकाचे भाग निघाले. मुंबईत कुणी छापखानेवाला एकच मोठी गोष्ट तुकडे करून विकत होता. महिन्याला एक पातळसा भाग, पिवळट कागद, टाके उसवलेले. ह्याच्या खोलीतले लोक मिळून ते घेत. त्यांचे वाचून झालेले भाग ह्यानं मला आणून दिले आणि म्हणाला, वाच, एकदम फस्टक्लास हाय.

वाडीत वाचणारा मीच. दुसरा एक जण होता, पण त्याला धीर नव्हता; दोन ओळी झाल्या की पाणी प्यायला उठायचा. मी अक्षराला अक्षर लावून वाचायचो, सावकाश वाचायचो, पण बसलो की उठायचो नाही. भात झोडून झालं, खळं मोकळं झालं की दुपारच्या जेवणानंतर मंडळी तिथं जमायची. माझी आई सुपात नाचणी घेऊन बसायची. थोरली चुलती आपल्या म्हशीवर एक डोळा ठेवून बसायची. बाबा वाखाची दोरी वळत बसायचा. बापाला आम्ही अरेतुरेच करायचो, त्यात काही कमीपणा नव्हता, म्हणून इथंही तसंच लिहितो.

गोष्ट अशी होती. एका बंदराच्या गावात एक वैद्य. दिवसा असा भित्रा की झुरळ दिसलं तरी बाकावर चढून उभा राहायचा. त्याची बायकोसुद्धा त्याला हसायची. पण कुणावर जुलूम झाला की हाच वैद्य तोंडाला निळा रुमाल बांधून निघायचा. मग तटावरून उडी मारली तरी पाय मोडायचा नाही, गोळी झाडली तरी लागायची नाही. त्याच्या समोर एक बेटावरचा धनी. काचेचा महाल, पांढरे शुभ्र कपडे, कानात अत्तराचा फाया. अत्तरदाणीत मात्र विष. हा उघड्या तोंडानं राजरोस फिरायचा आणि त्याला एकच ध्यास, त्या रुमालाखाली कोण आहे ते बघायचं. पुस्तकातली त्यांची नावं लांबलचक, जोडाक्षरांची. माझ्या तोंडात अडकायची. वाडीनं आपली नावं दिली. एक रुमाल्या, दुसरा अत्तऱ्या.

बहुतेक भाग एकाच जागी संपायचे. रुमाल्या बांधलेला असायचा, अत्तऱ्या आपला सगळा बेत त्याला नीट समजावून सांगायचा, मग ‘त्याचा हात त्या रुमालाकडे सरकू लागला’ असं एक वाक्य यायचं, आणि खाली छापलेलं असायचं, पुढील भागी. मंडळी त्या छापखानेवाल्याला यथेच्छ शिव्या देऊन उठायची.

ऐकणाऱ्यांत वाद फार. एक म्हणायचा, एवढा बोलतो कशाला, सुरी आहे ना हातात. दुसरा म्हणायचा, बोलला नाही तर त्याची हुशारी कुणाला कळणार, तो वैद्य सोडला तर त्याला त्या बेटावर बोलायला माणूस तरी आहे का. हे मला पटायचं. पण चुलतीला वेगळीच गोष्ट खुपायची. वैद्याची बायको एका भागात रुमाल्याशी समोरासमोर बोलते, त्याचे आभार मानते आणि तिला पत्ता लागत नाही. तो भाग वाचला त्या दिवशी चुलती चिडली.

“म्हैस काळोखात गोठ्याकडं आली तर खुराच्या आवाजावरनं मी सांगते कंची हाय ती. आणि ह्या बायेला नाकावर फडका बांधला की नवरा वळखू येत नाय?”

सगळे हसले. मीही हसलो. बाबानं दोरीवरनं मान वर केली नाही. म्हणाला, “वळखते. बोलत नाय.”

मी म्हटलं, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. तिला कळलं नाही असंच लिहिलंय.

“लिहिणाऱ्याला तरी तिनं कशाला सांगावं?” बाबा म्हणाला आणि पुन्हा दोरीला पीळ घालू लागला. आईनं सूप एकदा पाखडलं आणि माझ्याकडं बघितलं.

तेव्हा कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आता आहे, कारण नातीला सांगावं लागलं. आमच्या वाडीचा संकासूर आमच्या घरचा. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, तिच्या पुढं संकासूर नाचत जातो. काळा अंगरखा, डोक्यापासून गळ्यापर्यंत झाकणारी काळी उंच टोपी, तिला डोळ्यांपुरती भोकं, पांढऱ्या भुवया, वाखाची पांढरी दाढी, कमरेला घंट्यांचा पट्टा, हातात दोरीचा आसूड. तो राक्षस. पोरं त्याला बघून आईच्या मागं लपतात. पण जे तान्हं झोपेत दचकतं, त्याला आई मुद्दाम त्याच्या पुढं धरते. तो त्याच्यावरून आसूड उतरवतो, आणि पोर भ्यायचं थांबतं. संकासूर मुका असतो. घंटा वाजवायच्या, बोलायचं नाही.

आणि टोपीत कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, बोलायचं कुणी नाही. त्याला नावानं हाक मारायची नाही, काका-मामा म्हणायचं नाही. पालखी देवळात परत जाईपर्यंत टोपी उतरायची नाही. मधेच उतरली किंवा कुणी नाव घेतलं, तर त्या घरचा मान गेला. टोपी गावकाराकडं, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याकडं, जमा होते आणि दुसऱ्या घरी जाते. आमच्या घरी ती तशीच आली. माझ्या आज्याच्या वेळी खालच्या आळीतल्या माणसाच्या अंगावर ती होती. त्याचा मेव्हणा पिऊन आला आणि भर अंगणात त्यानं त्याला नावानं हाक मारली. त्या घरानं पुन्हा संकासूर काढला नाही. त्या घरातला एक म्हातारा मी पाहिलेला आहे. शिमग्याचा ढोल सुरू झाला की तो रानात निघून जायचा.

बाबाही दर वर्षी एक नाटक करायचा. पालखी देवळात गेली की मागच्या दारानं यायचा, अंग धुवायचा, पुढच्या दारानं घरात शिरायचा आणि आईला विचारायचा, संकासूर आलता काय? आई तोंडावरची रेघ न हलवता सांगायची, आलता, नारळ दिला. बाबा म्हणायचा, मी वरच्या शेताकडं गेलो होतो, माझी चुकली बघ भेट. लहानपणी मला हे खरंच वाटायचं. मोठा झाल्यावर कळलं, आणि तरी मी एकदाही तोंड उघडलं नाही. ते शिकवावं लागत नव्हतं.

त्या वर्षी बाबा थकला होता. गुडघे धरत, टोपीत दम लागायचा. पण टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचा विषय त्यानं काढला नाही आणि दुसऱ्या कुणाची काढायची हिंमत नव्हती.

पुस्तक वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. सगळी वाडी रुमाल्याच्या बाजूनं, बाबा मात्र अत्तऱ्यात रमलेला. अत्तऱ्या हसतो ते वर्णन आलं की म्हणायचा, परत वाच. मुक्या संकासुराला त्या हसण्याचा हेवा वाटत असणार. एकदा मी त्याला विचारलं, तुला हा बदमाश काय म्हणून आवडतो. त्यानं दोरी बाजूला ठेवली.

“ह्याला काम हाय. बेत करतो, माणसं जमवतो, बेटावर महाल बांधतो. रुमाल्या काय करतो? हा काय करील ह्याची वाट बघतो. अत्तऱ्या येकदा आजारी पडूं दे, मग तुझा वैद्य बसला बाकावर झुरळं मोजीत.”

मला राग आला. रुमाल्या माझा होता. खोटं कशाला बोलू, वाचताना मी स्वतःलाच त्या तटावरून उड्या मारताना बघायचो. मी दिवसभर बापाच्या हाताखाली नांगरामागं चालणारा मुलगा, माझं कोण ऐकतंय. आपल्यात काही वेगळं आहे आणि ते झाकलेलं आहे, असं वाटायला त्या वयात पुस्तकही लागत नाही.

शिमग्याला आतेभाऊ आला तो पाचसहा मुंबईवाल्यांना घेऊन आणि एक बेत घेऊन. सोबत गोष्टीचा शेवटचा भागही आणला होता. तो मी त्याच दिवशी खळ्यावर वाचला. अत्तऱ्या हरतो, काचेचा महाल फुटतो, तो समुद्रात उडी टाकतो, आणि लाटांवर त्याचा पांढरा फेटा तेवढा तरंगताना दिसतो. प्रेत काही सापडत नाही. शेवटच्या पानावर, ह्याच मंडळींची नवीन गोष्ट लवकरच सुरू होत आहे, असं छापलेलं. बाबा खूश झाला. म्हणाला, मरंल कसा, त्याच्याबिगर वैद्याला कोण विचारतो.

आतेभावाचा बेत असा. पालखी देवळासमोर सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसते तेव्हा सगळी वाडी तिथं असते. तिथं ह्या वर्षी खेळ करायचा. संकासूर नाचत येणार, लोकांना छळणार, मग रुमाल्या उडी घेऊन येणार, दोघांची लढाई, संकासूर पडणार, आणि रुमाल्या त्याची टोपी ओढून काढणार. रुमाल्या मीच, कारण गोष्ट मला पाठ. चाळीत त्यांनी असा खेळ करून बघितला होता, माणसं बाकावर उभी राहिली होती म्हणे.

त्यानं तो गावकीच्या बैठकीत मांडला. कुणीतरी म्हणालं, लढाई करा, टोपीला हात नको.

“मग कसली मजा?” आतेभाऊ म्हणाला. “शेवटी उघडा पाडायलाच लागतो. त्याच्याबिगर पब्लिक उठत नाय. आणि कोण हाय ते काय कुणाला ठाव नाय? खेळ तो खेळ.”

तो वाईट माणूस नव्हता. मुंबईत राहून त्याला एवढंच वाटायला लागलं होतं की जे सगळ्यांना ठाऊक आहे ते बोलून टाकायला हरकत नाही. गावकारानं बराच वेळ विचार केला आणि बाबाकडं बघितलं. मान त्याच्या घरचा, तो म्हणेल तसं.

मला वाटलं बाबा काठी घेऊन उठेल. तो शांतपणे म्हणाला, “मी पडंन. टोपीचं काय ते रुमालवाला बघंल.”

एवढं बोलून तो उठला आणि घरी गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला आत्ताच सांग, हो का नाही, असं आतेभाऊ म्हणत होता आणि मी म्हटलं, काढीन. मी एकदा बोललो की मागं घेत नाही हे वाडीला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तेव्हा माझा राग बाबावर होता. त्यानं मोडून काढलं असतं तर मला सोपं होतं. माझ्यावर टाकून तो निघून गेला, म्हणजे ह्याला आता मानाचं काही पडलेलं नाही, दमला, आणि निमित्त माझं करतो, असं मी डोक्यात घेतलं. घरी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. तो माझ्याशी काय म्हणून असं वागला, ते मी पुढंही कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आईनं आपल्या जुन्या लुगड्याचा निळा तुकडा फाडून माझ्या पुढं ठेवला.

त्या दुपारी सहाणेभोवती माणूस मावत नव्हता. नाते गावचे, बिरवाडीकडचे पाहुणेही आले होते. मी देवळामागं बांबूची तलवार घेऊन उभा होतो. रुमाल बांधल्यावर मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की मला बघून सगळे हसत होते, आणि तरी कुणी माझं नाव घेत नव्हतं. रुमाल्या आला रे, असं पोरं ओरडली. माझा सख्खा मित्र बाजूला होता, तोसुद्धा म्हणाला, रुमालवाल्या, तलवार सांभाळ. आतेभाऊच तेवढा मला नावानं हाका मारून, इथं उभा राहा, तिकडं बघ, असं सांगत होता, आणि दर वेळी आजूबाजूच्या बाया त्याच्याकडं वळून बघत होत्या.

घंटा वाजल्या आणि संकासूर आला. तो बाबा होता असं मी आत्ता लिहितो. त्या वेळी मी मनातसुद्धा तसं म्हटलं नव्हतं. घरी गुडघा धरून बसणारा माणूस आणि हा, ह्यांचा संबंध लागत नव्हता. आसूड फिरवीत त्यानं मुंबईवाल्यांना कुंपणापर्यंत पळवलं. एकाची टोपी उडवली. मग माझी उडी. बांबू आणि आसूड, बांबू आणि आसूड, ढोलवाला आमच्या पायांवर ठोका धरायचा. त्यानं मला दोनदा खरोखर फटका मारला, तो ठरलेला नव्हता. आणि मग ठरल्याप्रमाणं मी तलवार त्याच्या काखेत घातली आणि तो पडला. नुसता बसला नाही, आडवा पडला. घंटा एकदम वाजल्या आणि थांबल्या.

ढोल थांबला. मी त्याच्या छातीजवळ गुडघा टेकला. टोपीच्या आत श्वास ऐकू येत होता, भाता चालल्यासारखा. वाखाची दाढी त्या वाऱ्यानं हलत होती. आतेभाऊ मागून म्हणाला, “काढ आता. काढ टोपी.”

मी हात पुढं केला. टोपीची कड माझ्या बोटांना लागली. घोंगडीचा खरखरीत कपडा, घामानं ओला. आणि मला ते वाक्य आठवलं, जे मी खळ्यावर इतक्यांदा वाचलं होतं की बघायची गरज नव्हती. त्याचा हात त्या रुमालाकडे सरकू लागला. सगळ्या गोष्टीत झाकलेल्या तोंडाकडं हात नेणारा माणूस एकच होता. रुमाल्यानं कधी कुणाचं तोंड उघडं केलं नव्हतं. तोंडावर निळा रुमाल बांधून मी अत्तऱ्याचं काम करीत होतो.

भोकांतून डोळे माझ्याकडं बघत होते. त्यांत विनवणी नव्हती, रागही नव्हता. तो बघत होता, एवढंच.

आतेभाऊ पुन्हा काही म्हणायच्या आत गर्दीतून शेजारच्या घरची सून पुढं आली. तिच्या खांद्याला तिचं तान्हं होतं, रात्री रडून वाडी जागवणारं. तिनं आतेभावाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या पुढं येऊन उभी राहिली.

“ओ रुमालवाल्या, त्याला उठव आधी. माझा पोर राह्यलाय.”

मागून दुसरी म्हणाली, “माझी पण राह्यलीय. आम्ही काय करायचं, पुढल्या शिमग्याची वाट बघायची?”

चुलतीही तिथंच होती. तिला राहवलं नाही. “पडलेल्या संकासुराकडनं काय उतरवायचं गो. उठवा त्याला.”

मी टोपीवरचा हात काढला आणि त्याच्या हाताला धरला. तो जड होता. मला वाटलं होतं त्याहून फार जड. उठताना त्यानं सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला आणि काही वेळ तसाच राहिला. लोकांना वाटलं आम्ही अजून झुंजतोय. मग त्यानं अंग झटकलं, घंटा वाजल्या, ढोल सुरू झाला, आणि त्यानं आसूड उगारून माझ्याच मागं धाव घेतली. मी पळालो. त्या पुस्तकातल्या रुमाल्याला मी कधी पळताना वाचलं नव्हतं, पण मी सहाणेला पुरा वेढा घालून पळालो, आणि वाडी इतकी हसली की गावकार डोळे पुसत खाली बसला. नंतर संकासूर त्या सुनेपुढं थांबला आणि तिच्या पोरावरून हळूच आसूड उतरवला. मग बायांची रांगच लागली.

आतेभाऊ मला देवळामागं भेटला. म्हणाला, सगळ्या खेळाची वाट लावलीस. मी म्हटलं, पुढल्या भागात बघू. तो हसला. मुंबईला जाताना त्या गोष्टीचे सगळे भाग माझ्याकडंच ठेवून गेला.

नात म्हणते, घरच्यांना ओळख पटत नाही हा त्या पुस्तकांतला कच्चा दुवा आहे, वाचणारा तो चालवून घेतो. चालवून घेत असतील. मी घेत नाही. मला ती वैद्याची बायको पुरती कळलेली आहे, आणि लिहिणाऱ्याला ती कळली नव्हती असं माझं मत आहे. ते मी बदलणार नाही.

त्या दिवशी पालखी देवळात गेली. मी रुमाल सोडून कनवटीला खोचला आणि घरी येऊन ओटीवर बसलो. आईनं तुळशीपुढं दिवा लावला. मागच्या अंगणात पाण्याचा आवाज झाला. मग बाबा पुढच्या दारानं आला, ओल्या केसांनी, गुडघ्यावर हात टेकत. माझ्याकडं न बघता भिंतीला टेकून बसला.

“संकासूर आलता काय गो?”

“आलता,” आई म्हणाली. “नारळ दिला.”

“मी वरच्या शेताकडं होतो. वाटेत लोक म्हणत होते, पडला म्हणून.”

“पडला. मग उठला.”

“आपला आपण?”

“नाय. कुणीतरी हात दिला.”

“कोण व्हता?”

आईनं दिव्याची वात पुढं केली. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलेला होतो, कनवटीतून निळं टोक बाहेर आलेलं होतं, ते तिला दिसत होतं. ती माझ्याकडं बघत म्हणाली,

“ठाव नाय. तोंडाला रुमाल व्हता.”